सहा नंबरची खाट

सावित्रीबाई

सात नंबरची बाई दुपारी दीडच्या सुमारास मेली. सकाळी तिचा ताप उतरला होता. भाकरी मागून खाल्ली होती आणि लेकाला म्हणाली होती, उद्या घरी ने, शेळीचे दिवस भरलेत. दीडला तिच्या शिरेत एक इंजेक्शन गेलं. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ निळे पडले आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर येईपर्यंत म्हणजे पाऊण तास. साहेब त्या वेळी घाटाखालच्या गावात स्वतःच्या दवाखान्यात पेशंट तपासत होते. बालाघाटाच्या चढावरच्या त्या तीस खाटांच्या सरकारी रुग्णालयात ही गोष्ट झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होती. कागदावर ती कुठंच नव्हती.

मेलेल्या बाईच्या केसपेपरवर मात्र लाल शाईत ठळक लिहिलं होतं: पेनिसिलीन चालत नाही. ते लिहिलं होतं यशोधरा गायसमुद्रे यांनी. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी झालेली, आठ महिने उरलेले. त्या दिवशी त्या बीडला मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून बाळंतिणीच्या खोलीतली तेजश्री चार तासांसाठी वॉर्डात आणून उभी केली होती. कंत्राटी पोर, चोवीस वर्षांची. इंजेक्शन तिनंच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी यशोधराबाईंना बोलावून एक छापलेला कागद पुढं सरकवला. पाचच्या आत सही हवी होती. कागदात असं होतं की सदर कंत्राटी परिचारिकेस वॉर्डात मृत स्त्रीचे भास होतात, तिची मनःस्थिती ठीक नाही आणि त्या अवस्थेत तिने सहा नंबरचे इंजेक्शन सात नंबरला दिले.

"तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलंय, भूत बघितलं म्हणून," साहेब म्हणाले. "आपण काय खोटं लिहितोय?"

सही झाली की पोरीची नोकरी जाणार, परवाना जाणार, वर पोलीस केस. साहेबांनी फोनवरून दिलेला इंजेक्शनचा हुकूम, साहेबांचा दवाखाना, पाऊण तास, हे सगळं त्या एका भुताच्या पदराखाली झाकलं जाणार. सोयीचं भूत होतं ते.

बाहेर पायरीवर मेलेल्या बाईचा लेक निवृत्ती आईची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीत आईचा तांब्या होता. त्यानं दगड उचलला नव्हता, आरडाओरडा केला नव्हता. यशोधराबाई जवळ गेल्या तसा एवढंच म्हणाला, "आई कशानं मेली तेवढं सांगा. गावात काय सांगू मी?"

त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि त्या वॉर्डात शिरल्या. दाराशीच वॉर्डबॉय रामप्रसाद उभा होता, चेहरा राखेसारखा. त्याच्या मागून कुणाच्या तरी भांडणाचा आवाज येत होता.

"बाई," तो म्हणाला, "खाट फिरली. सहा नंबरची खाट आपली आपण फिरली."

तेजश्री

सहा नंबरच्या खाटेचं भूत तीन वर्षांचं होतं. त्या खाटेवर ऊसतोडीची एक पोरगी मेली होती. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात गर्भाची पिशवी काढली, आत पू झाला, आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर तिला इथं आणून टाकलं. तेव्हापासून दुपारच्या जेवणाच्या वेळेला, वॉर्ड सामसूम असताना, त्या खाटेवर कुणी बसलेलं दिसतं अशी बोलवा होती. एका सिस्टरनं बदली मागून घेतली. दुसरी म्हणायची, घरी पोळ्या लाटतानासुद्धा पाठीमागं कुणी बसल्यासारखं वाटतं. तेव्हापासून खाट रिकामीच ठेवत. गर्दी झाली तर पेशंट जमिनीवर, पण सहा नंबर रिकामा.

यशोधराबाईंचा यावर विश्वास नव्हता. त्यांच्या बापानं देव आणि भूत दोन्ही एकाच दिवशी घराबाहेर काढले होते. तरी एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हल्ली संध्याकाळी घरी बसल्या की एकतीस वर्षांत हाताखाली मेलेले लोक आठवत. तोंडं आठवत, कण्हणं आठवत, पण नाव एकाचंही आठवत नसे. चौदा नंबर. तीन नंबर. जमिनीवरचा दोन नंबर. त्यांच्या घरी भुतं यायची ती अशी, नंबर घेऊन.

खाट फिरल्याचं भांडण त्यांनी तेवढ्यापुरतं तसंच राहू दिलं आणि आधी तेजश्रीला गाठलं. ती औषधांच्या खोलीत खाली फरशीवर बसली होती. डोळे सुजलेले. रात्रभर घरी ती काल मेलेली बाई उशाशी येऊन विचारत होती म्हणाली, पोरी, कसली सुई होती गं ही.

यशोधराबाई तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. काल काय झालं ते अगदी पहिल्यापासून सांग म्हणाल्या. पोरगी सांगत गेली. एक वाजता साहेबांचा फोन आला, सहा नंबरला पेनिसिलीन सोड, चाचणी सकाळीच झालीय. तिनं वहीत लिहिलं, सुई भरली, वॉर्डात गेली, पाटी बघितली, इंजेक्शन दिलं.

"पाटीवर काय होतं?"

"सहा. सिस्टर, आईची आण, सहाच होतं. बोट लावून बघितलं मी. पण ती मेल्यावर माणसं जमली, मी परत बघितलं तर सात. तवापासून मलाच वाटतंय, मीच येडी झाले."

"नाव विचारलंस?"

तेजश्रीनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "तुमीच शिकवलंय ना. नंबर बघा, नाव विचारत बसू नका, येळ जातो."

हे खरं होतं. नव्या पोरींना पहिल्या दिवशी यशोधराबाई हेच शिकवायच्या. जमिनीवरचे धरून सत्तर पेशंट, दोन सिस्टर, नावं कोण धरून बसतो. मग त्यांनी भुताचं विचारलं.

ते महिन्यापूर्वीचं होतं. जेवणाच्या सुट्टीत तेजश्री कापूस न्यायला आली तेव्हा सहा नंबरवर एक बाई पाठमोरी बसलेली. मळकट हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर, मान खाली. बांगड्या किणकिणत होत्या. ही पळाली, कुणाला तरी घेऊन परत आली, तर खाट रिकामी. चादरीला बसल्याचा खळगा तेवढा पडलेला.

"हात हालत होते तिचे?"

तेजश्रीनं आठवून बघितलं. "न्हाई. खांदे दगडासारखे होते. बांगड्या मातर वाजत होत्या. एक एक. कुणी मोजल्यासारख्या."

यशोधराबाई उठल्या. हातातल्या बांगड्या हात हलल्याशिवाय वाजत नाहीत. मग या बांगड्या हातात नव्हत्याच.

उत्तरेश्वर

भांडत होता तो उत्तरेश्वर, सिरसाळ्याकडचा ऊसतोड्या, तिशीतला, आवाजानं मोठा आणि आतून पार घाबरलेला. त्याची बायको राजश्री काल सकाळी पोटदुखी आणि तापानं दाखल झाली होती. तो रामप्रसादच्या अंगावर जात होता, की माझी बायको काल सात नंबरवर होती, तुम्ही रातचं उचलून भुताच्या खाटेवर का निजवली.

"कावून हात लावला माज्या बायकोला? काल सात नंबर व्हता. म्या सोता वाचलाय. आज बघतो तर सहा."

आणि खाटेवरून त्याची बायको बारीक आवाजात म्हणत होती, "मी कुठं बी हाललेली न्हाई हो. कालपासनं हितंच हाय. ह्याच खिडकीतनं तीच चिंच दिसतीया."

वॉर्डातल्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. रामप्रसाद हळू आवाजात म्हणत होता, मीच सांगत होतो, खाट फिरते.

यशोधराबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. राजश्रीजवळ गेल्या आणि विचारलं, काल दुपारी तुला सुई दिली का कुणी. ती म्हणाली, सकाळी दाखल करतानाच चाचणीची बारीक सुई टोचली तेवढीच, दुपारची कुणीच दिली नाही. मग त्या बाहेर पायरीवर गेल्या आणि निवृत्तीला विचारून आल्या. आईची खाट मधे बदलली होती का. तो म्हणाला, चार दिवस एकच खाट. जेवणापुरता मी खाली गेलतो, तवा बी तिथंच व्हती.

दोन्ही बाया आपल्या जागेवरून तसूभर हलल्या नव्हत्या. तेजश्रीनं एका खाटेवर सहा वाचला होता, उत्तरेश्वरनं शेजारच्या खाटेवर सात. दोघांची आधी ओळख नाही, दोघांना खोटं बोलायचं कारण नाही. खाट लोखंडाची, मणभर वजनाची. हलकी होती ती पाटी.

त्या पायथ्याशी वाकल्या. वॉर्डातल्या सगळ्या पाट्या पत्र्याच्या, गंजक्या तारेनं बांधलेल्या. सहा आणि सातची तार नव्हती. त्या दोन पाट्या बँडेजच्या पट्टीनं बांधल्या होत्या. आणि पट्टीला गाठ नव्हती. पीळ देऊन टोक आत खोचलं होतं.

"असं कोण बांधतं?" त्यांनी उत्तरेश्वरला विचारलं.

तो बघून लगेच म्हणाला, "हा मोळीचा पीळ हाय, बाई. उसाची मोळी वाढ्यानं, शेंड्याच्या पाल्यानं बांधतो आमी. वाढ्याला गाठ बसत न्हाई, तुटतंय. म्हून पीळ द्यायचा अन् आत खोचायचं." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. वॉर्डात ऊसतोड्या तो एकटाच. रामप्रसादनं पुढं होऊन त्याचा दंड धरला.

"म्हणजे तूच बे. भुताच्या खाटेवर बायको नको म्हणून पाटी फिरवलीस अन् ती म्हातारी मारलीस."

उत्तरेश्वरनं दंड सोडवायला बघितलं. मी नाही, मी नाही, एवढंच म्हणत राहिला. मग त्याच्या तोंडून बाकीचं बाहेर आलं. काल साहेबांनी भुताला न जुमानता सहा नंबर द्यायला सांगितलं, आणि तो मिळतोय म्हटल्यावर उत्तरेश्वर खरंच अडून बसला होता. चहाच्या टपरीवर भुताचं ऐकलं होतं. वॉर्डाच्या दारातच तो बायकोला म्हणाला होता, चल, खाली खाजगीत जाऊ. तिथला डॉक्टर मागंच म्हणाला होता, पिशवी सडलीय, काढून टाका. मुकादम पण तेच म्हणतो. पिशवी काढली की हंगामात बाईचे खाडे पडत नाहीत.

राजश्री सव्वीस वर्षांची होती. तिला फक्त लघवीच्या जागेला जंतू झाले होते. गोळ्या-सुयांनी आठ दिवसांत बरं होणारं दुखणं. सव्वीस वर्षांच्या बाईची पिशवी काढायची, कारण कुणाच्या तरी कारखान्याचा पट्टा थांबता कामा नये. आणि याला इथं लोक उपचार म्हणतात.

"मग इथं राहिलास कसा?" यशोधराबाईंनी विचारलं.

"केसपेपरच्या खिडकीवर कागद करायला गेलतो. माघारी आलो तर ही खाटेवर निजलेली. पाटी बघितली, सात. मला वाटलं, कुणी तरी दया केली."

यशोधराबाईंनी रामप्रसादला हात सोडायला लावला.

"याला त्या खाटेची भीती होती. यानं पाटी फिरवली असती तर बायको त्याच खाटेवर कशाला निजवली असती? ज्यानं फिरवली त्यानं याला फसवलंय. खाट कुठली ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या खाटेची त्याला भीती नव्हती."

रामप्रसाद म्हणाला, "बाई, त्या खाटेला भीत न्हाई असं हितं कोण हाय? मी सोता तिथं झाडू मारत न्हाई."

"मग कोण मारतं?"

वॉर्डाच्या टोकाला बादली आपटल्याचा आवाज झाला.

दगडाबाई

दगडाबाई वॉर्डाची मावशी. साठीला टेकलेली, विधवा, हात मोकळे, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा सरकारी कोट. नवरा उसाच्या ट्रॉलीखाली मेला तेव्हा रुग्णालयाच्या सफाई कंत्राटदारानं कामावर घेतली. त्याआधी वीस हंगाम कोयता चालवला होता. हे यशोधराबाईंना माहीत होतं. अजून एक गोष्टही माहीत असायला हवी होती. तीन वर्षांपूर्वी सहा नंबरवर मेलेली पोरगी दगडाबाईची लेक होती. माहीत होती ती त्यांना. पण त्यांच्या डोक्यात तो मृत्यू सहा नंबर म्हणून राहिला होता, आणि दगडाबाई मावशी म्हणून. दोन्हीची गाठ त्यांनी कधी घातलीच नव्हती. आता घातली, आणि त्या बादलीच्या आवाजाकडं गेल्या.

धुण्याच्या मोरीत दोघीच होत्या. यशोधराबाईंनी पाट्यांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "दगडाबाई, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कोट काढता का?"

म्हातारीनं फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं. मग बोलली.

"कोट अंगात असला की मी मावशी. मावशीनं खाटंवर बसायचं न्हाई, तुमचाच नियम हाय. म्हून काढते. घडीभर बसते. सासरच्यांनी राख बी दिली न्हाई मला, बाई. कुठल्या नदीत टाकली ठावं न्हाई. माज्यापाशी तेवढी खाट हाय."

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. हिरव्या काचेच्या सात बांगड्या. पिशवी काढायच्या आधी तिथल्या नर्सनं लेकीच्या हातातून उतरवून आईकडं दिल्या होत्या. म्हणाली होती, शुद्धीवर आली की घाला.

भुताची बोलवा उठली तेव्हा ती गप्प राहिली. लोक भ्यायले, खाट रिकामी राहिली, बरंच झालं. तीन वर्षं तिनं ते भूत जपलं. आणि काल दारात ते जोडपं उभं राहिलं. नवरा म्हणत होता, भुताच्या खाटेवर नको, चल पिशवी काढायला. तोच दवाखाना. तोच डॉक्टर.

"माज्या पोरीच्या भुतानं ती पोरगी तिकडं चालली व्हती," दगडाबाई म्हणाली. "मला काय सुचंना. सातची म्हातारी झोपली व्हती. पाट्या काढल्या, इकडची तिकडं केली. तारा तुटल्या, पट्टी बांधली. तिला हात धरून माज्या सुनिताच्या खाटंवर निजवली. म्हनलं, दोन दिस ऱ्हाऊ दे, बरी झाली की नवरा न्हेईल घरला. पाटीवर सुई असती ते मला काय ठावं? मी अडाणी. मला वाटलं, तुमी माणूस बघून सुई देता."

मोरीत नळ ठिबकत होता. यशोधराबाईंना एकतीस वर्षांत असं कुणी तोंडावर मारलं नव्हतं. आणि म्हातारीनं ते मारायचं म्हणून म्हटलंही नव्हतं.

गोंधळ उडाला तेव्हा भीतीनं तिनं पाट्या परत जागेवर लावल्या. रात्रभर वाटलं सांगावं. पण घरी सुनिताची पोर आहे, चौथीत. नोकरी गेली तर तिला कोण बघणार.

"मी तुमचं नाव घालत नाही," यशोधराबाई म्हणाल्या. "नंबरानं काम करायची चूक माझी. फोनवर नंबर सांगणारा साहेब. तेवढं पुरे आहे."

दगडाबाईनं मान हलवली. "घाला. न्हाई घातलं तर ती सुईवाली पोर जन्मभर सोताला येडी समजंल. भूत व्हतं की न्हाई, ह्यातच मरंल. आणि त्या म्हातारीच्या लेकाला काय सांगायचं?"

सुनिता

साडेचारला यशोधराबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. छापलेला कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी हातानं लिहिलं होतं. साहेब वाचत गेले तसे त्यांचे कान लाल झाले. पेनिसिलीनचा हुकूम फोनवर कुठून आला ते त्यात होतं. पाऊण तास होता. नंबरावर विसंबायला नर्सना कुणी शिकवलं ते होतं, आणि खाली त्यांचं स्वतःचं नाव होतं. पाट्या कुणी बदलल्या आणि का, ते होतं. राजश्रीला पिशवी काढायला सांगणारा दवाखाना होता, त्याच डॉक्टरच्या हातून गेलेली सुनिता होती. मेलेल्या बाईचं, सावित्रीबाईचं नाव सगळ्यात वर. कागदभर एकही खाटेचा नंबर नव्हता.

"पेन्शन अडकेल तुमची," साहेब म्हणाले.

"अडकू द्या. एक प्रत पोलिसांत दिलीय, एक आता निवृत्तीला देणार."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की खरं लिहिलं की सगळं सुरळीत होतं. साहेबांना समज मिळाली आणि बदलीत बरा तालुका मिळाला. यशोधराबाईंची चौकशी अजून चालू आहे. तेजश्रीचा परवाना वाचला, पण सुई द्यायच्या आधी ती पेशंटचं नाव तीन तीनदा विचारते. दगडाबाईला कंत्राटदारानं त्याच आठवड्यात काढलं. पिशवी काढणारा दवाखाना सुरू आहे. हंगामाच्या आधी तिथं रांग लागते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. निवृत्ती पायरीवरच होता. यशोधराबाई, तेजश्री आणि दगडाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि दगडाबाईनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाला नाही, शिवीही दिली नाही. पिशवीतला तांब्या काढून परत आत ठेवला. मग तेजश्रीकडं बघून विचारलं, "लई दुखलं का तिला?"

तेजश्री म्हणाली, "हो. थोडा वेळ. मी हात धरून होते."

"तुजं नाव काय?"

"तेजश्री."

त्यानं मान डोलावली आणि तो गावाकडच्या जीपमध्ये जाऊन बसला.

दगडाबाई वॉर्डात परत आली. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत तिनं कोटाची बटणं सोडली, कोट घडी करून टेबलावर ठेवला. आत मळकट हिरवं लुगडं होतं, लेकीचं. एक बाई दचकून भिंतीला टेकली. रामप्रसादनं मान फिरवली. म्हातारी खाटेपाशी गेली आणि उभीच राहिली, कारण तिथं आता राजश्री होती, हाताला सलाइन लावलेली.

राजश्रीनं पाय आखडून घेतले. जागा केली.

दगडाबाई बसली. सवयीनं हात कनवटीला गेला, बांगड्या किणकिणल्या. या वेळी कुणी पळालं नाही.

"हितं गेली ती लेक व्हती न्हवं तुमची?" राजश्रीनं विचारलं. "नाव काय व्हतं तिचं?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीला नाव सांगायला बराच वेळ लागला. राजश्री वाट बघत राहिली.